विश्लेषण: पाळलेल्या सरड्याने अचानक खाणे सोडले तर काय करायचे? नागपूरच्या थंडीत नेमके काय बिघडते?

डिसेंबर उजाडला की नागपुरात पारा १० अंशांच्या खाली जाणे नवीन नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी तर शहरात ३.५ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. माणसे शेकोटी, हीटर, रजईचा आधार घेतात. पण घरातल्या काचेच्या टँकमध्ये ठेवलेल्या सरड्याला यातले काहीच करता येत नाही. तो एका कोपऱ्यात डोळे मिटून बसतो आणि समोर ठेवलेल्या अन्नाला तोंड लावत नाही. मालकाला वाटते, अन्न आवडले नसेल. तो अन्न बदलतो, मग चिमट्याने तोंडाशी धरतो, शेवटी तोंड उघडून बळेच भरवतो. खरी अडचण मात्र अनेकदा अन्नात नसतेच. ती असते तापमानात.

गेल्या काही वर्षांत ग्रीन इग्वाना, बिअर्डेड ड्रॅगन, लेपर्ड गेको असे परदेशी सरडे भारतातल्या शहरी घरांत दिसू लागले आहेत. कुत्रा-मांजर आजारी पडले तर काय करायचे, हे बहुतेकांना ठाऊक असते. सरड्याने जेवण सोडले तर काय, याबाबत मात्र गोंधळ असतो. भूक मंदावणे कधी नैसर्गिक असते, कधी धोक्याचे, घरी काय तपासायचे आणि डॉक्टरांकडे कधी जायचे, हे समजून घेऊ.

सरड्याची भूक तापमानावर का अवलंबून असते?

माणूस, कुत्रा, मांजर यांचे शरीर स्वतः उष्णता तयार करते आणि ठरावीक तापमान टिकवून ठेवते. सरड्याचे तसे नाही. त्याला उष्णता बाहेरून घ्यावी लागते. रानात तो सकाळी दगडावर ऊन खातो, अंग तापले की सावलीत जातो. पचनासाठी लागणारे पाचकरस, आतड्यांची हालचाल आणि रोगप्रतिकारशक्ती या सगळ्या गोष्टी शरीर पुरेसे तापल्यावरच नीट चालतात. अंग गार असेल तर पोटातले अन्न पचत नाही, ते तिथेच कुजू लागते. त्यामुळे गारठलेल्या सरड्याने अन्न नाकारणे हा त्याच्या शरीराने केलेला बचावच असतो.

म्हणूनच टँकमध्ये एकच तापमान ठेवून चालत नाही. एक बाजू गरम आणि दुसरी तुलनेने थंड असावी लागते. म्हणजे सरडा हवी ती जागा निवडू शकतो. ही गरज प्रजातीनुसार बदलते:

• बिअर्डेड ड्रॅगन: ऊन खाण्याची जागा साधारण ३८ ते ४२ अंश, थंड बाजू २४ ते २८ अंश.
• ग्रीन इग्वाना: ऊन खाण्याची जागा ३३ ते ३८ अंश, बाकी भाग २६ ते ३२ अंश.
• लेपर्ड गेको: गरम बाजूची जमीन ३० ते ३२ अंश, थंड बाजू २४ ते २६ अंश.

हे आकडे दिवसाचे आहेत. रात्री तापमान थोडे उतरले तरी चालते. पण नागपूरच्या जानेवारीत बंद खोलीतले तापमानही रात्री १५-१६ अंशांपर्यंत उतरू शकते. रात्रभर गारठलेला सरडा सकाळी लगेच खाईल, अशी अपेक्षा चुकीची आहे. दिवा लावल्यानंतर त्याला तासभर तरी अंग तापवू द्यावे आणि मग अन्न ठेवावे.

नागपूरच्या उन्हाळ्यात तरी तो सुखात असतो का?

वाळवंटातला प्राणी आहे म्हणजे उन्हाळा त्याला मानवेल, असा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदवले गेले. एप्रिल-मे महिन्यांत बंद घर दुपारी ४० अंशांच्या आसपास तापते तेव्हा टँकमधली थंड बाजूच उरत नाही. रानातला सरडा अशा वेळी बिळात शिरतो. टँकमधल्या सरड्याला तशी पळवाट नसते. तो तोंड उघडून धापा टाकतो, अन्न सोडतो. उन्हाळ्यात दिवा पूर्ण दिवस सुरू ठेवण्याची सवय त्याच्या जिवावर बेतू शकते.

दुसरा प्रश्न कूलरचा. विदर्भात वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर घरोघरी असतो. त्याची हवा गार असते, पण दमटही असते. दमट जंगलातून आलेल्या इग्वानाला ६० ते ८० टक्के आर्द्रता हवी असते, त्यामुळे त्याला ती चालते. बिअर्डेड ड्रॅगनला मात्र ३० ते ४० टक्के आर्द्रताच मानवते. सतत ओलसर हवेत राहिला तर त्याला श्वसनाचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते आणि श्वसनाचा त्रास असलेला प्राणी खात नाही. कूलरचा किंवा एसीचा झोत थेट टँकवर येऊ देऊ नये, हे दोघांनाही लागू आहे.

थर्मामीटर आहे, मग अडचण काय?

टँकच्या काचेला चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर बहुतेक ठिकाणी दिसतो. तो काचेजवळच्या हवेचे तापमान दाखवतो. सरडा बसतो त्या दगडाचे किंवा फांदीचे नाही. दोन्हींत मोठा फरक असू शकतो. त्यासाठी वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर वापरावा. सेन्सर सरडा बसतो नेमक्या त्याच जागी ठेवावा. पृष्ठभाग मोजणारी इन्फ्रारेड गनही उपयोगी पडते.

हीट मॅट किंवा सिरॅमिक हीटर असेल तर त्याला थर्मोस्टॅट जोडणे गरजेचे आहे. थर्मोस्टॅट नसलेली मॅट तापतच राहते. सरड्यांना पोटाखालची अतिउष्णता वेळीच जाणवत नाही आणि पोट भाजते. बाजारात मिळणारे विजेवर तापणारे कृत्रिम दगड याच कारणामुळे टाळायला सांगितले जाते.

यूव्हीबी दिव्याचा भुकेशी काय संबंध?

सूर्यप्रकाशातल्या यूव्हीबी किरणांमुळे सरड्याच्या त्वचेत ड३ जीवनसत्त्व तयार होते. त्याच्याशिवाय आतड्यांतून कॅल्शियम नीट शोषले जात नाही. कॅल्शियम कमी पडले की शरीर ते हाडांतून काढून घेते. हाडे मऊ होतात, जबडा रबरासारखा वाकतो, पाय थरथरतात. याला मेटाबॉलिक बोन डिसीज म्हणतात. जबडा दुखत असेल तर सरडा चावणार कसा? मालकाला दिसते ती फक्त कमी झालेली भूक.

इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली, टँक खिडकीजवळ ठेवला म्हणजे ऊन मिळाले असे मानणे. साधी काच जवळपास सर्व यूव्हीबी अडवते. दुसरी, दिवा पेटतो आहे म्हणजे तो काम करतो आहे असे समजणे. दिव्याचा प्रकाश दिसत राहतो, पण त्यातले यूव्हीबी काही महिन्यांत घटत जाते. त्यामुळे प्रकारानुसार ६ ते १२ महिन्यांनी दिवा बदलावा लागतो. बसवल्याची तारीख त्याच्यावर मार्करने लिहून ठेवणे हा सोपा उपाय.

नागपूरचे हिवाळ्यातले कोवळे ऊन हा फुकटचा उपाय आहे. इग्वाना किंवा ड्रॅगनला जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, गच्चीवर किंवा बाल्कनीत अर्धा तास बसवता येते. मात्र सोबत माणूस हवा, कारण घार, कावळा आणि मांजर यांचा धोका असतो. काचेचा टँक मात्र कधीही उन्हात ठेवू नये. तो काही मिनिटांत भट्टीसारखा तापतो.

भूक मंदावणे केव्हा नैसर्गिक असते?

प्रत्येक वेळी घाबरण्याचे कारण नसते. पुढील परिस्थितीत निरोगी सरडाही कमी खातो:

• कात टाकताना: रंग फिका पडतो. काही दिवस खाणे कमी होते आणि कात पडल्यावर भूक परतते.
• नवीन घर: जागा बदलल्यावर एक-दोन आठवडे सरडा बावरलेला असतो. या काळात त्याला वारंवार हातात घेऊ नये.
• हिवाळी सुस्ती: मोठा बिअर्डेड ड्रॅगन थंडीत काही आठवडे झोपून काढतो. याला ब्रुमेशन म्हणतात. यात वजन फारसे घटत नाही.
• प्रजननाचा काळ: नर अस्वस्थ असतो आणि अन्नाकडे दुर्लक्ष करतो.
• अंडी धरलेली मादी: इग्वाना आणि ड्रॅगनची मादी नराशिवायही अंडी देते. पोट अंड्यांनी भरल्यामुळे इग्वानाची मादी काही आठवडे खाणे सोडू शकते. ती तरतरीत असेल, माती उकरत असेल तर तिला ओलसर मातीची पेटी द्यावी. ती मलूल पडली तर अंडी अडकल्याची शक्यता असते आणि तातडीने डॉक्टर गाठावा लागतो.

ब्रुमेशनच्या नावाखाली आजार लपून राहतो, हे मालकांनी लक्षात ठेवायला हवे. एक वर्षाहून लहान पिल्लू, आधीच बारीक झालेला किंवा जुलाब होत असलेला सरडा झोपत असेल तर ती सुस्ती नैसर्गिक समजू नये.

फरक ओळखायचा कसा?

याचे सर्वांत भरवशाचे साधन स्वयंपाकघरात वापरतात तसा ग्रॅममध्ये मोजणारा डिजिटल वजनकाटा आहे. सरड्यासाठी तो वेगळा ठेवावा. आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी वजन करून मोबाइलमध्ये नोंदवावे. सरडा खात नाही पण वजन स्थिर आहे, तर थांबून पाहायला वाव असतो. वजन १० टक्क्यांच्या आसपास घटले तर तो डॉक्टरांकडे नेण्याचा इशारा समजावा. म्हणजे ४०० ग्रॅमचा ड्रॅगन ३६० ग्रॅमवर आला तर वाट पाहू नये.

लेपर्ड गेको शेपटीत चरबी साठवतो. जाड शेपटीचा मोठा गेको काही आठवडे अन्नावाचून काढू शकतो. शेपटी काडीसारखी बारीक होत असेल तर ते पोटातल्या परजीवींचे किंवा क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या संसर्गाचे लक्षण असू शकते. पिल्लांच्या बाबतीत मात्र दोन-तीन दिवसांचा उपवासही गंभीर मानतात.

घरी पहिल्या ४८ तासांत काय करावे?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी उष्णता, मग पाणी आणि सगळ्यात शेवटी अन्न.

१. गरम व थंड बाजूचे तापमान सेन्सर ठेवून मोजावे आणि दुरुस्त करावे. वीज जाण्याची शक्यता असेल तर पर्यायी सोय करावी. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून टँकमध्ये ठेवली तरी काही तास निभावतात.
२. इग्वाना किंवा ड्रॅगनला ३० ते ३२ अंशांच्या कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटे बसवावे. पाणी कोपरापर्यंतच असावे आणि नजर हटवू नये. गेकोसाठी ओल्या टिश्यू पेपरचा छोटा डबा पुरतो.
३. टँकमध्ये दोन सरडे असतील तर वेगळे करावेत. दबून राहणारा सरडा वरवर भांडण न होताही उपाशी राहतो. काचेत स्वतःचे प्रतिबिंब दिसत असेल तर बाहेरून कागद लावावा.
४. खाली वाळू असेल तर ती काढून साधा कागद अंथरावा. वाळू पोटात जाऊन आतडे अडू शकते. कागदावर विष्ठाही नीट तपासता येते.
५. उरलेले जिवंत किडे रात्रभर टँकमध्ये सोडू नयेत. भुकेले रातकिडे मलूल सरड्यालाच चावतात.

खायला काय द्यावे आणि काय नाही?

इग्वाना पूर्ण शाकाहारी आहे. त्याला अंडे, मांस किंवा कुत्र्याचे खाद्य देऊ नये. त्याने पुढे मूत्रपिंडे खराब होतात. आपल्याकडे सहज मिळणारी शेवग्याची पाने, तुतीची पाने, जास्वंदीची पाने-फुले आणि किसलेला लाल भोपळा त्याला चालतो. जास्वंदीचे लाल फूल किंवा भोपळ्याचा केशरी किस वर भुरभुरला तर रंग पाहून तो अनेकदा तोंड घालतो. पालक रोज देऊ नये, त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते. नागपूर संत्र्यांचे शहर असले तरी संत्र्यासारखी आंबट फळे त्याला देणे टाळावे. अ‍ॅव्होकॅडो विषारी ठरू शकते.

गेको फक्त किडे खातो, तर ड्रॅगन किडे आणि पाला दोन्ही खातो. किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. रातकिडे, मीलवर्म यांत कॅल्शियम कमी असते. म्हणून त्यांच्यावर कॅल्शियमची पूड लावून द्यावी लागते. रोज एकच किडा मिळाला तर सरडा कंटाळतो, त्यामुळे प्रकार बदलून पाहावा.

दिव्याखाली जमलेले किडे पकडून देण्याचा मोह टाळावा. त्यांच्यावर कीटकनाशक असू शकते. काजवे तर कधीच देऊ नयेत. त्यांच्या शरीरातले विष हृदयावर परिणाम करते आणि एक काजवा खाऊनही बिअर्डेड ड्रॅगन दगावल्याच्या नोंदी आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर विदर्भात काजवे दिसतात, तेव्हा ही काळजी अधिक घ्यायला हवी.

बळेच भरवणे धोकादायक का?

गारठलेल्या, पाणी कमी झालेल्या सरड्याच्या तोंडात अन्न कोंबले तर ते पचत नाही, श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. मऊ झालेला जबडा मोडूही शकतो. बरेच दिवस उपाशी असलेल्या प्राण्याला एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातल्या क्षारांचे संतुलन बिघडून तो दगावू शकतो. त्यामुळे किती आणि कसे भरवायचे, हे डॉक्टरांनी वजन पाहून ठरवायचे असते. दूध, ग्लुकोज पावडर, कुत्र्या-मांजरांचे जंताचे औषध किंवा घरात उरलेले अँटिबायोटिक अंदाजाने देऊ नये.

डॉक्टरांकडे लगेच कधी न्यावे?

• तोंड उघडून श्वास घेणे, नाकातून फेस किंवा शेंबूड (ऊन खाताना ड्रॅगनने तोंड उघडणे मात्र सामान्य आहे)
• पाय थरथरणे, जबडा मऊ लागणे, मागचे पाय ओढणे
• डोळे खोल जाणे, कातडी सैल पडणे
• हिरड्यांवर पिवळसर पू किंवा सूज
• पोट फुगणे, जोर करूनही विष्ठा न होणे
• शेपटीखालच्या छिद्रातून मांसल भाग बाहेर येणे

सरडा आजार लपवतो. रानात अशक्त दिसणारा प्राणी आधी शिकार होतो, त्यामुळे शक्य तितका वेळ तो ठीक असल्यासारखा वागतो. मालकाला लक्षणे दिसतात तेव्हा आजार बऱ्याचदा जुना झालेला असतो.

नागपुरात सेमिनरी हिल्स भागात १९५८ मध्ये स्थापन झालेले नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अंतर्गत येते आणि तिथे पशुचिकित्सालय चालते. कोणत्याही दवाखान्यात जाण्यापूर्वी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर त्या दिवशी आहेत का, हे फोन करून विचारावे. सोबत ताजी विष्ठा बंद डबीत, टँक आणि दिव्यांचे फोटो, तापमान व वजनाच्या नोंदी न्याव्यात. विष्ठेच्या तपासणीत परजीवी समजतात. एक्स-रेमध्ये हाडे, अंडी आणि अडकलेली वाळू दिसते. रक्त तपासणीतून कॅल्शियम, फॉस्फरस आणि मूत्रपिंडांची स्थिती कळते. थंडीत नेताना सरडा कापडी पिशवीत घालून थर्माकोलच्या हवेशीर डब्यात ठेवावा.

कागदपत्रे नाहीत म्हणून उपचार टाळले जातात का?

हा या विषयातला सर्वांत अवघड भाग. ऑक्टोबर २०२२ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबईत आयात मालातून ६६५ विदेशी प्राणी पकडले. शोभेचे मासे म्हणून आणलेल्या या मालात अजगर, कासवे, सरडे, इग्वाना होते. त्यांतले ११७ प्राणी मेलेले आढळले. अशा प्रवासातून आलेले पिल्लू विकत घेतले तर ते आधीच तहानलेले, घाबरलेले आणि परजीवींनी ग्रासलेले असू शकते. ते खात नाही, याचे मूळ तिथे असते.

वन्यजीव (संरक्षण) कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारातील प्रजाती त्यामुळे चौथ्या अनुसूचीत आल्या. ग्रीन इग्वाना या करारात येतो. अशा प्राण्यांची परिवेश पोर्टलवर नोंदणी करण्याचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिसूचित झाले. आधीपासून प्राणी असलेल्यांना सहा महिन्यांची मुदत होती. आता प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत नोंदणी करायची असते. खरेदी करतानाच विक्रेत्याकडे कागद मागितले तर पुढची भीती राहत नाही. भीतीपोटी दवाखाना टाळला तर त्याची शिक्षा त्या प्राण्याला होते.

देशी प्रजातींचा प्रश्न वेगळा आहे. घोरपड कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असून तिला पकडणे किंवा पाळणे यासाठी ३ ते ७ वर्षांची कैद होऊ शकते. रंग बदलणारा शॅमेलिऑनही संरक्षित आहे. सातपुड्यात आढळणाऱ्या लेपर्ड गेकोच्या एका प्रजातीचे शास्त्रीय वर्णन २०१४ मध्येच झाले. ती रानातच राहायला हवी. अंगणात जखमी किंवा मलूल घोरपड दिसली तर घरी नेऊन भरवत बसू नये. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे. नागपुरात सेमिनरी हिल्सवर वन विभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर अशा वन्यप्राण्यांवर उपचार करते.

घरच्यांनी स्वतःची काय काळजी घ्यावी?

निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. त्यामुळे हाताळल्यानंतर साबणाने हात धुवावेत. आंघोळीचा टब आणि वजनकाट्यावर ठेवायचा डबा वेगळा असावा. ते स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नयेत. पाच वर्षांखालील मुले, गर्भवती, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी त्याला हाताळणे टाळावे.

बोटभर शेपटीचे हिरवे पिल्लू म्हणून घेतलेला इग्वाना पाच-सहा फुटांपर्यंत वाढतो आणि १५ वर्षांहून अधिक जगू शकतो. म्हणजे एका घरात तो १५ हिवाळे आणि १५ उन्हाळे काढणार. त्यामुळे नागपूरसारख्या शहरात सरडा घेण्यापूर्वी पिंजऱ्याच्या किमतीबरोबरच थर्मोस्टॅट, दिवे, वीजबिल आणि सरड्यावर उपचार करणारा डॉक्टर यांचाही हिशेब आधी करायला हवा. ज्यांच्याकडे तो आधीच आहे, त्यांनी आज रात्री एकच गोष्ट करावी: तो बसतो त्या जागी सेन्सर ठेवून पहाटेचे तापमान पाहावे.